पांढरीविना काळी : यवतमाळच्या तांड्यांची शेतवस्ती

यवतमाळ जिल्ह्यात माणसे कुठे राहतात हे सांगायला तीन शब्द लागतात : गाव, पोड आणि तांडा. गाव कुणब्या-माळ्यांचे, बलुतेदारांचे, पाटील-देशमुखांचे. पोड कोलामांचे, डोंगराच्या कुशीतले. तांडा बंजाऱ्यांचा, बहुधा गावापासून थोडा दूर, मुरमाड माळावर. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांतून जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेला जितक्या पाट्या गावांच्या दिसतात, जवळजवळ तितक्याच तांड्यांच्या दिसतात.

जुन्या मराठी मुलुखात गावाची व्याख्या दोन रंगांत करत असत. घरांची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. पांढरी आणि काळी मिळून गाव पुरे होई. तांड्याचा इतिहास या व्याख्येत बसत नाही. गेल्या दीडशे वर्षांत तांड्याने काळी मिळवली. कुठे विकत घेतली, कुठे माळ फोडून तयार केली, कुठे जंगलाच्या कडेने वाढवली. पांढरी मात्र सरकारदप्तरी त्याच्या नावावर चढायला फार उशीर झाला, आणि अनेक ठिकाणी ती अजून चढलेली नाही. स्थलांतरित शेतकऱ्यांच्या वसाहतींचे प्रकार जगात अनेक आहेत. स्वतःच्या घराखालची जागा सिद्ध करता न येणारी, पण शे-सव्वाशे वर्षे पीक काढणारी वसाहत हा त्यातला आपल्या घराजवळचा प्रकार आहे. तो कसा घडला, हे या लेखात पाहायचे आहे.

लदेणीचे दिवस

बंजारा शेतीकडे वळला त्याआधी तो वाहतूकदार होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी, गोणीत धान्य किंवा मीठ, आणि अशा शेकडो-हजारो बैलांचा चालता बाजार, याला गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा काफिला समोरून आला की अरुंद वाटेवर प्रवाशाला तो सरेपर्यंत थांबून राहावे लागे.

दख्खनेत हे तांडे मोठ्या संख्येने आले ते मोगल फौजांच्या रसदीसाठी, अशी परंपरा आहे. शाहजहानच्या काळात आसफखानाची स्वारी विजापुरावर निघाली तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नायकांकडे १ लाख ८० हजार आणि भगवानदास नायकाकडे ५२ हजार बैल होते, असे ही परंपरा सांगते. आकडे कथेतले आहेत, पण कथेचा गाभा खोटा नाही. चालत्या फौजेला धान्य पुरवणारा माणूस शत्रूलाही नकोसा नसे, कारण उद्या त्याची गरज आपल्यालाच पडणार. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडच्या लढाया लढला, तेव्हा त्याच्या सैन्याचे पोटही बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर चालले होते.

शांततेच्या काळात हेच बैल व्यापार करीत. किनाऱ्याकडचे मीठ वऱ्हाडात येई, वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई. मुंबईची वाट प्रशस्त होण्याआधी वऱ्हाडी कापसाची मोठी बाजारपेठ गंगेकाठचे मिर्झापूर ही होती, आणि शेकडो मैलांची ती वाट कापूस बैलांच्या पाठीवरून तुडवी. ज्या पिकासाठी पुढे बंजारा शेतकरी झाला, त्या पिकाशी त्याची ओळख अशी आधीच झालेली होती. तो कापूस पेरत नव्हता, पण वाहत होता.

या व्यापाराला एक वार्षिक लय होती. दिवाळीनंतर वाटा कोरड्या झाल्या की तांडा निघे. मृगाच्या आधी कुठेतरी थांबे. काळ्या जमिनीच्या मुलुखात पावसाळ्यात लादलेला बैल चालू शकत नाही. चार महिने मुक्काम करायचा तर गुरांना गवत हवे, पाणी हवे, आणि पायाखाली चिखल नको. हे तिन्ही जिथे एकत्र मिळे असे माळ आणि डोंगरउतार बालाघाटच्या पठारावर, म्हणजे आजच्या यवतमाळच्या पश्चिम आणि दक्षिण भागात, भरपूर होते. दरसाल त्याच माळावर परतणाऱ्या तांड्याचा तो माळ हळूहळू आपला होत गेला. पुढच्या वसाहतींची बीजे या पावसाळी मुक्कामांत आहेत.

रूळ आला, बैल बसला

१८५३ मध्ये निजामाने कंटिन्जंट फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, अंमल कंपनीचा. पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडून चालवला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ साली आग्नेय वऱ्हाड म्हणून निघाला, मग वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला तेव्हा पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. तांड्यांची सर्वांत दाट वस्ती असलेला पुसदचा भाग असा उशिरा या जिल्ह्यात आलेला आहे.

अंमल बदलल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तीन गोष्टी एकावर एक आल्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. आणि १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला.

लोहमार्गाने लदेणीचा कणा मोडला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते खरे असले तरी घाव एका दिवसात बसला नाही. आधी पक्के रस्ते झाले आणि गाडीच्या बैलाने पाठीवर वाहणाऱ्या बैलाला हटवले. मग रेल्वे आली. पण रेल्वेपासून दूर असलेल्या मुलुखात पाठबैलाला आणखी काही वर्षे काम होते, आणि वणी-पुसदचा मुलूख असाच दूरचा होता. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची गाडी, लोकांच्या तोंडची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या आरंभी धावू लागली. म्हणजे मुख्य लोहमार्गालगतचे तांडे आधी बेकार झाले आणि व्यापार जिथे सर्वांत उशिरापर्यंत तगून होता त्या आडबाजूच्या डोंगराळ भागाकडे सरकत गेले. तांड्यांची दाटी आज याच पट्ट्यात का दिसते, याचे हे एक कारण आहे.

व्यापार गेला तरी बंजाऱ्याच्या हाती एक भांडवल उरले होते : गुरे. कापसाच्या तेजीत जो तो पडीक मोडत होता आणि काळी कसायला बैलजोड्या कमी पडत होत्या. लदेणीचा बैल विकणे, गोऱ्हे वाढवून विकणे, शेणखत देणे, तूप विकणे, ही व्यापार आणि शेती यांच्या मधली पायरी होती. त्या पायरीवर तांडा एक-दोन पिढ्या उभा होता. भूमिहीन होऊन नांगराकडे आलेल्या माणसाची ही गोष्ट नव्हे. बंजाऱ्याकडे नांगराला जुंपायचे बैल होते. त्याच्याकडे जमीन नव्हती.

मोकळी म्हणवली गेलेली जमीन

जमीन कुठून आली? इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला आजच्या यवतमाळ जिल्ह्यात ओसाड गावे पुष्कळ होती. अठराव्या शतकातली दुहेरी वसुली, लुटारूंचा उपद्रव आणि दुष्काळ यांनी पांढऱ्या उठल्या होत्या. ही पडीक गावे वसवण्यासाठी १८६५ च्या पडीक जमिनीच्या नियमांनुसार ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली गेली. पट्टा घेणारा तो इजारदार. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या नावामागे अजून ‘इजारा’ ही शेपटी आहे ती तेव्हाची. इजारदाराला गाव लागवडीखाली आणायचे तर माणसे हवीत आणि बैल हवेत. तांड्याकडे दोन्ही होते.

तांडे या मुलुखात रुजले ते या गरजेमुळे. पट्टा मात्र ज्याच्याकडे भांडवल आणि कचेरीत ओळख, त्यालाच मिळे. तांड्यातला माणूस सालदार, बटईदार किंवा कूळ म्हणून माळ फोडी. काही नायकांनी गुरे विकून जमिनी घेतल्या आणि खातेदार झाले. बहुतेकांच्या वाट्याला हलकी, उताराची, बरड जमीन आली, कारण काळी कसदार जमीन गावांनी आधीच वाटून घेतली होती. उरले ते चराईचे रान. गावाच्या हद्दीतली सरकारी पडीक, जिला विदर्भात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात, तिच्यावर तांड्याची गुरे चरली आणि पुढे तिच्याच कडेने त्याचा नांगर चालला.

इथे एक तुलना उद्बोधक ठरते. वऱ्हाडचे पहिले गॅझेटियर १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी सिद्ध केले. त्यांचे धाकटे बंधू जेम्स लायल पुढे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. १८९२ पासून चिनाबच्या कालव्यावर जी प्रचंड शेती-वसाहत उभी राहिली, तिच्या मुख्य शहराला त्यांचेच नाव मिळाले : लायलपूर, आजचे फैसलाबाद. पंजाबात सरकारने कोऱ्या कागदावर चौकोन आखले, चौकोनांना नंबर दिले, कोणत्या जिल्ह्यातून कोणती जात आणायची ते ठरवले, पाणी दिले आणि मग माणूस बसवला. वऱ्हाडात माणूस आधी बसला. चौकोन त्याच्याभोवती नंतर आखले गेले, आणि आखताना तो पलीकडच्या गावाच्या सर्व्हे नंबरात मोडला गेला. एकाच साम्राज्याच्या दोन वसाहती, पण एकीला आरंभापासून नंबर होता आणि दुसरीला नावही नव्हते.

पुढेही हाच फरक दिसतो. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात शेजारच्या, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवले गेले तेव्हा त्यांना सरकारने जमिनी दिल्या. त्यांचे हाल कमी नव्हते, पण ते कधी आले याचा कागद सरकारकडेच होता. तांड्याच्या येण्याचा असा कागद कुणीच केला नाही.

माणसाच्या नावाची वस्ती

गावाचे नाव झाडावरून, ओढ्यावरून, देवावरून पडते आणि टिकते. तांड्याचे नाव नायकावरून पडते. अमुक नायकाचा तांडा. नायक वारला, मुलगा नायक झाला, किंवा भावाभावांत वाटणी होऊन निम्मा तांडा पलीकडच्या टेकडीवर गेला की नाव बदलते. फिरत्या समाजात ही पद्धत सोयीची होती, कारण वस्ती म्हणजे माणसे, जागा दुय्यम. मोजणीदाराच्या दृष्टीने हे अडचणीचे होते. त्याच्या नोंदवहीत जागा कायम आणि माणसे बदलणारी असायला हवी होती. १८९० च्या एका कागदातला तांडा आणि १९३० च्या दुसऱ्या कागदातला तांडा एकच आहे, हे सिद्ध करणे म्हणूनच अवघड होऊन बसते.

तांड्याचा आतला कारभार मात्र पक्का होता. नायक, त्याच्या बरोबरीने कारभारी, जाणती माणसे, आणि तंट्याचा निवाडा करणारी ‘नसाब’ ही पंचायत. गोत्रांची बांधणी राठोड, पवार, चव्हाण, जाधव अशा कुळांभोवती. श्रद्धेचे केंद्र जवळच, आज वाशीम जिल्ह्यात असलेले पोहरादेवी, जिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. पण पाटीलकीला वतन होते, नायकीला नव्हते. गावचा पाटील सरकारी कारभाराचा भाग होता; नायक हा सरकारच्या लेखी फक्त एका जमावाचा म्होरक्या.

या जमावाची नोंद कोणत्या खात्याने केली, हे पाहण्यासारखे आहे. वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवरचे पहिले सविस्तर टिपण लिहिणारे कंबरलेज हे वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी. ते टिपण १८६९ च्या सुमाराचे मानले जाते आणि १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. त्याच १८८२ मध्ये मेजर गनथॉर्प यांचे गुन्हेगार जमातींवरचे पुस्तक निघाले, त्यातही बंजारे आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा बंजारा प्रकरणाचा मुख्य आधार कंबरलेज यांचेच टिपण होते. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ मध्ये तो देशभर लावण्याची सोय झाली. धान्य वाहणारा माणूस वाटेवरून हटला तेव्हा त्याच्या वाटेवर असण्यालाच गुन्ह्याचा वास येऊ लागला.

म्हणजे बंजारा सरकारदप्तरात शिरला तो संशयित म्हणून, शेतकरी म्हणून नव्हे. महसुलाच्या कागदात तो नव्हता त्या वर्षांत तो पोलिसांच्या कागदात होता. आज हाच कागद उलटा वाचता येतो. ज्या अधिकाऱ्याने संशयाने लिहिले, त्याने नकळत हेही लिहून ठेवले की १८६० च्या दशकात हे लोक वऱ्हाडात होते. भाषेच्या बाबतीतही असेच झाले. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या भागात बंजारी म्हणजे लभाणी बोलीला स्वतंत्र स्थान मिळाले. बोली राजस्थानीच्या गोत्रातली, बोलणारा वऱ्हाडातला.

आपला इतिहास आपण लिहावा, ही जाणीव १९३० च्या दशकात दिसू लागते. बळीराम पाटील यांचे ‘गोर बंजारा लोकांचा इतिहास’ हे पुस्तक त्या दशकातले. पुढे आत्माराम कनिराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला तांड्याच्या आतून बाहेर पाहायला लावले.

गहुली आणि तिच्या पलीकडे

पुसद तालुक्यातले गहुली हे गाव या सगळ्या प्रवासाचे सर्वांत यशस्वी टोक. फिरत्या तांड्याच्या नायकांच्या एका घराण्याने ते वसवले, आणि त्याच घराण्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. नागपुरात वकिलीचे शिक्षण, पुसदला वकिली, नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये पुसदमधून तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेवर निवड, राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात मंत्रिपद. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा झाला तेव्हा महसूल खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे, १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली रोजगार हमी, ही त्यांच्या कारकिर्दीची ओळख. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले.

नायकी आणि पाटीलकी यांतले अंतर एका घराण्याने दोन पिढ्यांत पार केले. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, १९५३ मध्ये दिग्रसला बंजारा समाजाचे अधिवेशन भरले, शाळा-वसतिगृहांची चळवळ सुरू झाली. हे सारे खरे. पण गहुली हा तांड्यांच्या इतिहासाचा सारांश नव्हे, अपवाद आहे. गहुलीकडे नायकाचे भांडवल होते आणि तिचे गाव झाले. ज्या तांड्यांकडे बरड जमीन आणि जंगलकड एवढेच होते, त्यांच्या वाट्याला कोरडवाहू कापूस आला, सावकार आला आणि पुढे कर्ज आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यवतमाळचे नाव देशभर शेतकरी आत्महत्यांसाठी घेतले जाऊ लागले. २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे केंद्राचे पॅकेज जाहीर झाले, त्यात यवतमाळ होते. ज्या पिकाने तांड्याला थांबवले, तेच त्याला पुन्हा हलवू लागले. पुसद-महागावच्या तांड्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे लदेणीच्याच ऋतूत निघतात आणि मृगाच्या आधी परततात. फरक इतकाच की तेव्हा बैल आणि माल स्वतःचा होता, आता कोयता आणि उचल आहे.

नदीच्या दोन तीरांवर

तांड्याची बाजू मांडताना पोडाची बाजू सोडून देता येत नाही. इंग्रजांनी ‘पडीक’ म्हटलेली सगळी जमीन रिकामी नव्हती. डोंगरउतारावर फिरती शेती करणारे कोलाम आणि जंगलाच्या आत राहणारे गोंड तिथे आधीपासून होते. त्यांची शेती दरवर्षी एकाच जागी नसल्याने ती मोजणीदाराला दिसली नाही. मग जंगल राखीव झाले, पोडाचे रान आकसले आणि उरलेल्या मोकळ्या तुकड्यांवर नव्याने आलेल्यांचे नांगर पोहोचले. नव्याने आलेल्यांत कुणबी होते, तेलुगू शेतकरी होते, सावकारांची कुळे होती, आणि बंजारेही होते.

पैनगंगेच्या पलीकडच्या आदिलाबादेत हीच गोष्ट अधिक तीव्र झाली. १९४० मध्ये कुमरम भीमचा उठाव झाला तो निजामाच्या वनखात्याने आणि जमीनदारांनी गोंडांची जमीन घेतल्यामुळे. त्यानंतर तिथे काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा गेल्या हे दशकानुदशके नोंदवले. त्या बाहेरच्यांमध्ये लंबाडा, म्हणजे बंजारे, ठळक होते. १९७६ च्या दुरुस्तीने तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत आले आणि नदीच्या अलीकडून पलीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. एकाच कुळातला, एकच बोली बोलणारा भाऊ अलीकडे विमुक्त जातीत आणि पलीकडे अनुसूचित जमातीत, अशी स्थिती झाली. गोंड आणि लंबाडा यांच्यातला तणाव २०१७ मध्ये आदिलाबादेत उघड संघर्षापर्यंत गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटियर प्रमाण मानले. त्याच आधारावर बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशासाठी मोर्चे काढले, आणि आदिवासी संघटनांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले. इतिहासाच्या वाचकाला यात एक गोष्ट लगेच दिसते. विसाव्या शतकातले हैदराबाद संस्थानाचे गॅझेटियर मराठवाड्याविषयी बोलते. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात, इंग्रजी कारभारात होते. पैनगंगेची जी रेघ १८५३ मध्ये एका कर्जापोटी ओढली गेली, ती आजही कोणाचा पुरावा कोणाला चालेल हे ठरवते.

१३ डिसेंबर १९३०

पुरावा हा शब्द या कहाणीत शेवटी येतो, पण आज तांड्याच्या दारात तो सर्वांत आधी येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वनजमिनीवरची वहिवाट दाखवावी लागते. इतर पारंपरिक वननिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वनातले वास्तव्य आणि वनावरचे अवलंबन सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रातला बंजारा या दुसऱ्या गटात येतो. हिशेब केला तर त्याला विचारलेला प्रश्न असा होतो : १३ डिसेंबर १९३० ला तुझे आजोबा कुठे होते? पैनगंगा ओलांडलेल्या त्याच्या चुलतभावाला हा प्रश्न नाही.

ज्याच्या वस्तीचे नाव नायकागणिक बदलले, जिला महसुली गावाचा दर्जा नव्हता, ज्याची घरे शेजारच्या गावाच्या ई-क्लासवर उभी होती, त्याच्याकडे १९३० चा सातबारा कुठून असणार? वसंतराव नाईकांच्या नावाने तांडा-वस्ती सुधारणेची योजना आहे. तिच्यातून रस्ते झाले, दिवे आले, समाजमंदिरे झाली. पण रस्ता म्हणजे पांढरी नव्हे.

तरीही हा प्रश्न अनुत्तरित राहावा असे कायद्याने म्हटलेले नाही. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी मोठी आहे. गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल चालतात. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा चालतात. वंशावळ चालते. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही चालते. म्हणजे ज्या गोष्टी तांड्याकडे आहेत, नेमक्या त्याच. तांड्यातल्या जाणत्यांना कुळांच्या सात-आठ पिढ्या तोंडपाठ असतात; कोणता तांडा कोणापासून केव्हा फुटला, हे ते सांगू शकतात. जुनी बारव, उठलेल्या तांड्याचे चौथरे, माळावरचे सेवालालचे ठाणे अजून जागेवर आहे. आणि दप्तरात कंबरलेजचे संशयी टिपणही आहे.

या दोन्हींची सांगड घालण्याचे काम मात्र कोणी तरी करायला हवे. तालुक्याच्या पातळीवर, तांड्यागणिक, नायकांची नावे, फुटलेल्या शाखा, पावसाळी मुक्कामांच्या जागा आणि त्यांच्या आजच्या सर्व्हे नंबरांची नोंद झाली, तर इतिहासाच्या अभ्यासकाला एक दुर्मीळ साधन मिळेल आणि दावेदाराला एक कागद. ही नोंद करताना शेजारच्या पोडाची नोंदही त्याच वहीत व्हायला हवी. नाहीतर एका उपेक्षिताचा पुरावा दुसऱ्याच्या मुळावर येईल. वंशावळ सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्याबरोबर १९३० ची शेवटची ऐकीव साक्ष जाणार आहे, आणि ती कोणत्याही गॅझेटियरात सापडायची नाही.